एनडीएत कोणती पदवी मिळते, घरून पैसे किती लागतात आणि मुंबईतून कागद कसे जमवायचे

एनडीएचं, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रुजू होताना घरून बरीच मोठी रक्कम एकदम भरावी लागते आणि पुढची तीन वर्षं दरमहा हातखर्च पाठवावा लागतो, हे बऱ्याच घरांना जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स (रुजू होण्याच्या लेखी सूचना) हातात पडल्यावरच कळतं. पदवीचंही तसंच. ‘तिथे गेल्यावर बघू कुठली शाखा मिळते’ म्हणणाऱ्या मुलाची शाखा बहुतेक वेळा अकरावीच्या प्रवेशअर्जातच ठरून गेलेली असते.

पदवी: बी.ए., बी.एस्सी. की बी.टेक.

खडकवासल्याच्या अकादमीत तीन वर्षांत सहा सत्रं असतात. पहिली अडीच वर्षं तिन्ही दलांचं प्रशिक्षण सामायिक असतं. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. भूदलाच्या कॅडेटना बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर हे पर्याय असतात. नौदलाच्या कॅडेटना बी.टेक. करावं लागतं. हवाई दलासाठी बी.टेक., बी.एस्सी. आणि बी.एस्सी. कॉम्प्युटर असे तीन पर्याय आहेत.

यात एक फरक नीट समजून घ्या. बी.ए. आणि बी.एस्सी.वाल्यांना एनडीएतलं शिक्षण आणि प्रशिक्षण पुरं झालं की पदवी मिळते. बी.टेक.वाल्यांची पदवी मात्र खडकवासल्यात पूर्ण होत नाही, ती पुढच्या अकादमीतलं प्रशिक्षण झाल्यावर मिळते. नौदलाचे कॅडेट त्यासाठी केरळातल्या एळिमलाच्या भारतीय नौदल अकादमीत जातात. एनडीएच्याच प्रवेश परीक्षेतून ‘१०+२ कॅडेट एंट्री’ने थेट एळिमलाला निवड झाली, तर चारही वर्षं तिथेच आणि शेवटी बी.टेक.

बारावी कुठल्याही शाखेतून केली असेल तरी भूदलाचं दार उघडं असतं. नौदल, हवाई दल आणि एळिमलाच्या थेट प्रवेशासाठी मात्र बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय हवेत. मुंबईत दरवर्षी गडबड होते ती इथे. मेडिकलचा विचार करून गणित सोडलेला, फक्त जीवशास्त्र घेतलेला विद्यार्थी सायन्सचा असूनही नौदल आणि हवाई दलासाठी अपात्र ठरतो. तो अर्ज करू शकतो, पण फक्त भूदलासाठी. अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायची सोय कॉलेजात असेल तर दोन्ही ठेवावेत. अभ्यास वाढतो, पण एकही दार बंद होत नाही. शिवाय एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचेच असतात. ते टाळून आर्ट्सच्या मुलालाही पुढे जाता येत नाही.

अर्ज आणि पात्रता

परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. पहिलीची जाहिरात साधारण डिसेंबरात येते आणि परीक्षा एप्रिलमध्ये होते, दुसरीची जाहिरात मेच्या सुमाराला आणि परीक्षा सप्टेंबरात. उमेदवार अविवाहित हवा, आणि अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या मधलं हवं. जाहिरातीत जन्मतारखेच्या दोन टोकाच्या तारखा छापलेल्या असतात. स्वतः हिशेब करत बसू नका, त्या तारखा बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींनाही प्रवेश आहे. बारावीला बसलेले अर्ज करू शकतात, अकरावीतले नाही. बारावीत असताना सप्टेंबरची परीक्षा द्यायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची, आणि सगळं जमलं तर जुलैत खडकवासला, हा क्रम महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना सगळ्यात सोयीचा पडतो.

परीक्षा शुल्क ₹१०० आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला उमेदवारांना ते माफ आहे. जेसीओ, एनसीओ (सुभेदार, हवालदार वगैरे) आणि इतर हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या पाल्यांनाही जाहिरातीत दिलेल्या अटींनुसार माफी मिळते.

अर्ज ऑनलाइनच असतो. त्यात दलांचा पसंतीक्रम भरताना घाई नको. ज्या दलाला पसंती दिली नाही त्यासाठी नंतर विचार होईल, असं धरून चालू नका.

आता नावाचा घोळ. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या कागदावर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बहुधा मुलाचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. पॅन कार्डावर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नुसतं आद्याक्षर. आयोगाच्या अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरायची असते. शब्दांचा क्रम वेगळा असणं एक वेळ निभावतं. पण ‘दिपक’ आणि ‘दीपक’ची इंग्रजी अक्षरं दोन कागदांवर दोन प्रकारे असतील, तर आधार दुरुस्त करून घ्या, आणि तेही अर्ज भरायच्या आधी. आधार केंद्रावर दुरुस्तीसाठी दहावीचा कागद पुरावा म्हणून दाखवायचा.

जन्मतारखेसाठीही दहावीचंच प्रमाणपत्र चालतं. महापालिकेचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, जन्मपत्रिका यांपैकी काहीही आयोग धरत नाही. आणि बोर्डाचं गुणपत्रक वेगळं, बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं. प्रमाणपत्र नंतर शाळेत येतं, आणि कितीतरी मुलं ते न्यायला परत जातच नाहीत. शाळेत जाऊन ते आजच ताब्यात घ्या.

लेखी निकालात नाव आलं की दोन आठवड्यांच्या आत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. ती राहून गेल्यामुळे एसएसबीचं, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं न आलेली मुलं दरवर्षी सापडतात. दहावी-बारावीचे मूळ कागद आयोगाला पाठवायचे नसतात, ते एसएसबीला न्यायचे, सोबत झेरॉक्स प्रती. बारावीचा निकाल लागायचा असेल तर कॉलेजच्या प्राचार्यांचं प्रमाणपत्र न्यावं. उत्तीर्ण झाल्याचा पुरावा कुठल्या तारखेच्या आत द्यायचा ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. ती तारीख चुकली तर उमेदवारी रद्द होते.

एसएसबीच्या प्रवासाचे पैसे परत मिळतात, पण त्या प्रकारच्या कमिशनसाठी (अधिकारी म्हणून नेमणुकीसाठी) पहिल्यांदा जात असाल तरच. मुंबईहून भोपाळ किंवा बेंगळुरूचं तिकीट थ्री टिअर एसीपर्यंतच्या भाड्याने मंजूर होतं. तिकिटं जपून ठेवा आणि बँक खात्याचा तपशील सोबत न्या. दुसऱ्यांदा त्याच प्रवेशासाठी गेलात तर खर्च तुमचा.

घरून किती पैसे

राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, वैद्यकीय उपचार आणि प्रशिक्षण यांचा खर्च सरकार करतं. मुलाचा खाजगी हातखर्च पालकांनी द्यायचा असतो. जाहिरातीच्या परिशिष्टात तो साधारणपणे महिना ₹३,००० च्या वर जात नाही, असं धरलेलं आहे. एनडीएत असताना पगार किंवा स्टायपेंड नसतो, हे इथेच स्पष्ट करायला हवं. महिना ₹५६,१०० च्या स्टायपेंडचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो पुढे देहरादूनच्या आयएमएसारख्या (भारतीय सैन्य अकादमी) अकादमीत गेल्यावरचा आहे. त्या भरवशावर कर्ज काढून बसू नये.

रुजू होताना कमांडंटकडे (अकादमीच्या प्रमुखांकडे) भरायच्या रकमेत पाच महिन्यांचा हातखर्च एकदम असतो. महिना ₹३,००० धरले तर तेच ₹१५,००० होतात. त्याशिवाय कपडे आणि साहित्य, रुजू होताना लागणारे कपडे, आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड (सामूहिक विमा), आणि पहिल्या सत्राचा किरकोळ खर्च. हे आकडे बदलत राहतात, म्हणून आपल्याच बॅचच्या जाहिरातीचं परिशिष्ट आणि जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स प्रमाण मानायच्या. शेजारच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी किती भरले, हे विचारून उपयोग नाही.

यादीतले कपडे आणि बूट घेताना मुंबईकर एक चूक हमखास करतात. यादी यायच्या आधीच क्रॉफर्ड मार्केटला जाऊन भारी सामान उचलतात. रंग, प्रकार, नगांची संख्या सगळं यादीत ठरवून दिलेलं असतं. बाहेरचं काहीही तिथे वापरता येत नाही. बूट मात्र थोडे लवकर घ्यावेत आणि आठवडाभर घालून रुळवावेत. नवे कोरे बूट घालून पहिल्या दिवशी धावलं की टाचेला फोड येतात, आणि पहिला आठवडा त्यातच जातो.

आर्थिक मदतीचा अर्ज

पालकांचं सर्व मार्गांचं मिळून मासिक उत्पन्न ₹२१,००० च्या आत असेल तर सरकारकडून दरमहा ₹१,००० पर्यंत मदत मिळू शकते. म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचा आकडा ₹२,५२,००० च्या आत हवा. मुंबईच्या भाड्यांकडे पाहता ही मर्यादा फारच खाली आहे, पण नियम तसा आहे. एकाच घरातली दोन मुलं एकाच वेळी एनडीए, आयएमए, ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) किंवा तशा संस्थेत असतील तर दोघांसाठीही मदत मागता येते.

अंतिम निवड झाल्याबरोबर पालकांनी परिशिष्टातल्या नमुन्यात अर्ज लिहायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवायचा. ते शिफारस जोडून तो कमांडंट, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासला, पुणे ४११०२३ इथे पाठवतात. थेट खडकवासल्याला पाठवलेला अर्ज शिफारशीविना असतो, त्याचा उपयोग नाही.

मुंबईत जिल्हे दोन आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्यांसाठी मुंबई शहर जिल्हा, कार्यालय फोर्टच्या जुन्या जकात घरात. त्यापलीकडे वांद्रे ते दहिसर आणि कुर्ला ते मुलुंड हा मुंबई उपनगर जिल्हा, कार्यालय वांद्रे पूर्वेला. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके. ठाणे, डोंबिवली, वसईकरांचा जिल्हा वेगळाच. शिधापत्रिकेवर परळचा पत्ता आणि राहायला गोरेगावात, अशी घरं पुष्कळ आहेत. उत्पन्नाचा दाखला, आधार आणि अर्ज या तिन्हींवर एकच पत्ता नसला तर फाइल परत येते.

दाखला ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून तहसीलदारांकडे मागायचा. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र, आणि नोकरदार असाल तर फॉर्म १६ किंवा पगाराचं प्रमाणपत्र लागतं. गावी शेती असेल तर तिचं उत्पन्नही दाखवावं. ‘सर्व मार्गांचं’ हा शब्द त्यासाठीच आहे. दाखल्याला आठवडे लागू शकतात आणि गुणवत्ता यादीपासून रुजू होण्यापर्यंत वेळ थोडाच असतो, म्हणून एसएसबीत शिफारस झाली की लगेच दाखल्याच्या मागे लागा.

मदत मिळणार असली तरी रुजू होतानाची रक्कम आधी भरावीच लागते. मंजुरी आल्यावर हातखर्च आणि कपडे-साहित्याच्या रकमेतला ठरलेला भाग परत मिळतो. तोवरची सोय घरीच करायची.

याशिवाय काही राज्य सरकारं आणि जुन्या देणग्यांमधून शिष्यवृत्त्या आहेत. माजी सैनिकाच्या मराठा मुलासाठीची कर्नल केंडल फ्रँक स्मृती शिष्यवृत्ती त्यातलीच, आणि ती सरकारी मदतीच्या वर मिळते. माजी सैनिकांनी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी.

बाँड

पालकांना बाँड लिहून द्यावा लागतो. उमेदवाराच्या हातातल्या कारणाने प्रशिक्षण मध्येच सोडलं, कमिशन नाकारलं किंवा प्रशिक्षणात असताना लग्न केलं, तर प्रशिक्षणाचा खर्च पूर्ण किंवा सरकार ठरवेल तेवढा परत करावा लागतो. बाँडचा मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा, एक वाक्यही बदलायचं नाही. मुद्रांक किती रुपयांचा ते सूचनांमध्ये असतं. त्यात ₹१०० लिहिलं असेल तर थोडं थांबा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांचं किमान शुल्क ₹५०० झालं आहे, तेव्हा परवानाधारक मुद्रांक विक्रेत्याला दस्ताचा प्रकार सांगूनच कागद घ्या. नोटरीकडे जामीनदार आणि साक्षीदार प्रत्यक्ष हजर लागतात, त्यामुळे सगळ्यांची सुट्टी जुळवूनच दिवस ठरवा.

पैशाचं नियोजन तीन वर्षांचं करताना सहा महिने जादा धरून ठेवावेत. अभ्यासात किंवा मैदानी चाचण्यांत मागे पडलेला कॅडेट रेलिगेट होतो, म्हणजे तेच सत्र मागून येणाऱ्या कोर्सबरोबर पुन्हा करतो. जेवणाखाण्याचं सरकार बघतं, पण त्या जादा सत्राचा हातखर्चही घरूनच जातो.