रस्त्याचा खर्च कोणी सोसायचा? एल डोराडो काउंटीतील शुल्कवादाची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील एल डोराडो काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) २०१६ साली जॉर्ज शीट्झ यांना घर बांधण्याचा परवाना देताना रस्त्यांपोटी २३,४२० डॉलर भरून घेतले. त्यांपैकी २,२६० डॉलर महामार्ग क्रमांक ५० साठी आणि २१,१६० डॉलर स्थानिक रस्त्यांसाठी होते. घर मात्र कारखान्यात तयार होऊन येणारे, एका कुटुंबापुरते होते. शीट्झ यांनी हरकत नोंदवून ही रक्कम भरली आणि ती परत मिळावी म्हणून न्यायालयात धाव घेतली. हा वाद पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्याचे मूळ शोधायचे तर रस्त्यांचा खर्च जुन्या रहिवाशांच्या अंगावरून नव्यांच्या अंगावर कसा सरकत गेला, हे पाहावे लागते.

जमिनीचे भूखंड पाडून वसाहत उभारणाऱ्याने आतले रस्ते स्वखर्चाने करून द्यावेत, ही रीत तिथे जुनी आहे. खटके उडतात ते वसाहतीबाहेरच्या रस्त्यांवरून. लॉस एंजेलिस शहराने एका वसाहतीच्या मंजुरीसाठी लगतच्या मोठ्या रस्त्याच्या रुंदीकरणाकरिता जमिनीची पट्टी मागितली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४९ साली शहराची बाजू घेतली. त्या रस्त्याचा लाभ साऱ्या शहराला होत असला, तरी तेवढ्याने अट अवैध ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

खरे वळण आले ते जून १९७८ मध्ये. 'प्रपोझिशन १३' या मतदारांनीच मंजूर केलेल्या राज्याच्या घटनादुरुस्तीने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत करआकारणीचे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही, असे बंधन घातले. विशिष्ट कामासाठी वेगळा कर लावायचा तर दोन तृतीयांश मतांची अट आली. स्थानिक संस्थांचे हात बांधले गेले, वस्ती मात्र वाढतच राहिली. परवान्याच्या खिडकीवर घेतले जाणारे शुल्क हा उरलेला सोपा मार्ग होता, कारण ते भरणारा बहुतेकदा अजून तिथला मतदारच नसतो. या शुल्कांना शिस्त लावण्यासाठी १९८७ साली राज्याने कायदा केला. शुल्क आणि बांधकाम यांचा वाजवी संबंध दाखवणे, पैसे वेगळ्या खात्यात ठेवणे आणि हरकत नोंदवून शुल्क भरण्याची मुभा देणे, या गोष्टी त्या कायद्याने बंधनकारक झाल्या.

राज्याची राजधानी साक्रामेंटोच्या पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या एल डोराडोमध्ये मतदारांनी १९९८ साली 'मेझर वाय' हा मतदानासाठी ठेवलेला स्थानिक प्रस्ताव मंजूर केला. पाच किंवा अधिक घरांच्या वा भूखंडांच्या प्रकल्पांमुळे वाहतूक ठप्प होता कामा नये आणि त्यासाठी लागणारी रस्त्यांची वाढीव क्षमता विकासकांच्या शुल्कातूनच पूर्णपणे उभी राहावी, असा त्याचा रोख होता. राग मोठ्या वसाहतींवर होता. काउंटीच्या शुल्क-दरपत्रकाचा फटका मात्र स्वतःच्या जागेवर एकच घर बांधणाऱ्यालाही बसला, कारण त्यात बांधकामाचा प्रकार आणि विभाग एवढेच पाहिले जाई, त्या विशिष्ट घरामुळे रस्त्यावर किती भार पडेल ते नव्हे.

परवान्याच्या बदल्यात जमीन मागताना त्या मागणीचा प्रकल्पाच्या परिणामांशी संबंध असावा, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मांडले. १९९४ साली मागणी त्या परिणामांच्या साधारण प्रमाणात असावी, अशी भर पडली, आणि २०१३ साली हेच निकष पैशाच्या मागणीलाही लागू झाले. कॅलिफोर्नियाची न्यायालये मात्र कायदेमंडळाने सर्वांसाठी ठरवलेल्या शुल्काला या कसोटीतून वगळत आली होती. १२ एप्रिल २०२४ रोजी शीट्झ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने ही सवलत नाकारली. निकालपत्र न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांचे होते.

महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ साली विकास शुल्काचे प्रकरण घातले गेले आणि बांधकाम परवानगीच्या वेळी ते भरणे आता अंगवळणी पडले आहे. त्यामुळे इथल्या वाचकाला शीट्झ यांची तक्रार ओळखीची वाटेल.

तथापि निकालाने शुल्क रद्द केले नाही. दरपत्रकाने एका वर्गातील सगळ्या घरांना सरसकट आकारलेल्या शुल्काचा हिशेब घरागणिक मांडायचा की वर्गागणिक मांडला तरी चालेल, हा कळीचा मुद्दा न्यायालयाने जाणूनबुजून खुला ठेवला आणि प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांकडे परत पाठवले.