घड्याळ फोनचं, नियम सरकारचा

मार्च संपत आला की बेळगावातल्या बऱ्याच घरात हे होतंय. मुलगी जर्मनीत असते, रोज तिकडच्या संध्याकाळी सहाला ऑफिसमधनं घरी येऊन आईला फोन करते, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेदहा, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर तोच फोन अचानक साडेनऊला यायला लागतो. आई विचारते आज लवकर सुटलीस काय गं, ती म्हणते नाही गं, आमच्याकडं सहाच वाजलेत. उद्यमबागेत कास्टिंग एक्स्पोर्ट करणाऱ्यांची तिकडच्या गिऱ्हाइकाबरोबरची अडीचची मीटिंग दीडवर येते, म्हणजे ऐन जेवणाच्या टायमाला. ज्यांची पोरं दुबईला आहेत त्यांना मात्र यातलं काहीच जाणवत नाही, कारण दुबई वर्षभर आपल्यापेक्षा दीड तासच मागं असते.

याला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं आणि हिवाळा आला की परत मागं. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीनं पहिल्या महायुद्धात, ३० एप्रिल १९१६ ला हे पहिल्यांदा देशभर लागू केलं, कोळसा वाचवायचा म्हणून. त्यांच्याकडं त्यात काहीतरी अर्थ तरी आहे, लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधला आठ तासांहून कमी. आपलं बेळगाव जवळपास १६ अंश अक्षांशावर, आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास आणि सगळ्यात लहान सव्वाअकरा तासांच्या आसपास, मग एवढ्याशा फरकासाठी घड्याळ कोण हलवणार.

पण आपल्याकडं घड्याळ हलत नाही म्हणून हा विषय आपला नाही असं मात्र नाही. फोनला वेळ कशी कळते हे बघायला घेतलं की लक्षात येतं, खिशातल्या फोनमध्ये दोन एकदम वेगळ्या गोष्टी एकत्र चालतायत. एक म्हणजे सेकंद मोजणं, आणि दुसरं म्हणजे त्या सेकंदांना इथं किती वाजले म्हणायचं याचा नियम. पहिलं काम फिजिक्सचं, दुसरं सरकारचं. आणि फोनचं घड्याळ तासाभरानं चुकलं की चूक जवळजवळ नेहमी दुसऱ्या भागात असते.

पहिला भाग आधी बघू. फोनमध्ये क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, सर्किटनं तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोब्बर एक सेकंद मिळतो. असला साधा स्फटिक दिवसाला एखाद-दोन सेकंद इकडंतिकडं होतो. त्या सेकंदांचा हिशोब फोन १ जानेवारी १९७० पासून ठेवतो, ग्रीनिचच्या, म्हणजे जागतिक वेळेच्या, मध्यरात्रीपासून. म्हणून एखादा जुना फोन बॅटरी पार संपून खूप दिवसांनी चालू केला की कधीकधी १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच असं दाखवतो, फोनकडं शून्य सेकंद आहेत आणि त्यात त्यानं भारताचे साडेपाच तास मिळवलेत एवढंच. लंडनच्या वेळेवर लावलेला कॉम्प्युटर तोच शून्य सेकंद रात्रीचा एक वाजला म्हणून दाखवतो, कारण १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटननं घड्याळ वर्षभर एक तास पुढंच ठेवलं होतं. शून्याचं उत्तरसुद्धा सरकारच्या नियमाप्रमाणं बदलतंय बघा.

आता स्फटिक हळूहळू चुकत जातो म्हटल्यावर त्याला कुणीतरी दुरुस्त करायला पाहिजे. ते काम तीन ठिकाणांहून होतं. एक इंटरनेटवरनं, एनटीपी नावाच्या पद्धतीनं, ही डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास बनवली, यात फोन टाइम सर्व्हरला विचारतो आणि जायला-यायला लागलेला वेळ धरून स्वतःला सुधारतो, पण यातनं फक्त जागतिक वेळ मिळते, तुम्ही कुठल्या देशात आहात ते सर्व्हर सांगत नाही. दुसरं जीपीएस, ते उपग्रहांवरच्या अणुघड्याळांवर चालतं. आणि तिसरं, सगळ्यात गंमतीचं, मोबाइलचा टॉवर.

टॉवरकडनं येणाऱ्या मेसेजला एनआयटीझेड म्हणतात. फोन नेटवर्कला नव्यानं जोडला गेला की, म्हणजे फ्लाइट मोड काढल्यावर किंवा एका भागातनं दुसऱ्या भागात गेल्यावर, नेटवर्क त्याला तारीख, वेळ आणि ग्रीनिचपासूनचा फरक पाठवू शकतं. पाठवू शकतं असं म्हटलं कारण हे कंपनीवर बंधनकारक नाही. फरक पाठवायचा तो पंधरा मिनिटांच्या हिशोबात, म्हणजे भारत म्हणजे २२ आणि नेपाळ म्हणजे २३. त्यातच डेलाइट सेव्हिंग चालू आहे की नाही हे सांगायला वेगळी जागा असते. पण त्या मेसेजमध्ये जागेचं नाव नसतं, बेळगाव नाही, बर्लिन नाही, नुसता आकडा. मग फोन टॉवरचा देशाचा कोड बघतो, भारताचे ४०४ आणि ४०५, आणि आकडा अधिक देश यावरनं कुठला टाइम झोन, म्हणजे वेळेचा पट्टा, असेल ते ठरवतो. भारतात एकच झोन आहे त्यामुळं काम तिथंच संपतं.

आपण सीमेवरची माणसं आहोत म्हणून हे आपल्याला पटकन कळेल. निपाणीच्या पुढं किंवा चंदगडकडं जाताना फोन कधी कर्नाटक सर्कलचा टॉवर पकडतो कधी महाराष्ट्राचा, घरात बसल्या बसल्या नेटवर्क पलीकडच्या राज्याचं येतंय, हे तिकडच्या गावातल्या लोकांना नवीन नाही. पण दोन्हीकडं आकडा २२ च, म्हणून घड्याळाला काही होत नाही. ऑस्ट्रेलियात असंच एक जोडगाव आहे, कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स, मधे एक रस्ता, अलीकडं क्वीन्सलँड राज्य आणि पलीकडं न्यू साउथ वेल्स. क्वीन्सलँड डेलाइट सेव्हिंग पाळत नाही, न्यू साउथ वेल्स पाळतं, त्यामुळं ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रस्त्याच्या दोन बाजूंना एक तासाचा फरक. तिथल्या विमानतळाची धावपट्टी तर राज्याची सीमा ओलांडून जाते, आणि विमानतळ सगळा क्वीन्सलँडच्या वेळेवर चालतो. आता तिथं बसलेल्या फोननं काय करायचं, देशाचा कोड दोन्हीकडं एकच, ऑस्ट्रेलियाचा ५०५, त्यावरनं राज्य कळत नाही, मग कुठल्या बाजूच्या टॉवरनं शेवटचा आकडा पाठवला त्यावरच सगळं ठरतंय, आणि माणूस खुर्चीतनं हलला नाही तरी घड्याळ एक तास पुढं-मागं होऊ शकतंय. कल्पना करा, खानापूर आणि चंदगडच्या घड्याळात तासाचा फरक असता तर आपल्या बाजारहाटाचं, शाळांचं, एसटीच्या टायमाचं काय झालं असतं. आपल्या भागात राज्यं दोन आहेत आणि वेळ एकच आहे, ही मला खरोखर मोठी सोय वाटते.

टॉवरनं काहीच पाठवलं नाही किंवा फोन वायफायवरच आहे, तर फोनला स्वतःकडची नियमांची यादी वापरावी लागते. ही यादी जगभर जवळपास सगळ्या कॉम्प्युटर आणि फोनमध्ये एकच आहे, आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केली, आता पॉल एगर्ट सांभाळतात, आणि आपली नोंद त्यात एशिया कोलकाता या नावानं आहे. म्हणून सेटिंगमध्ये बेळगाव किंवा बेंगळुरू शोधायला गेलात तर बऱ्याचदा कोलकाताच दिसतं. त्या यादीत भारताचा इतिहास पण आहे, दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ एक तास पुढं होतं, म्हणजे साडेसहा तासांचा फरक. तीन वर्षं आपणही घड्याळ हलवलं होतं, हे आज फार कुणाला माहीत नसतं.

भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत राहिलं तर सण चुकणारच, तसं ही यादी जुनी राहिली की फोन चुकतो. आणि सरकारं ऐनवेळी नियम बदलतात. तुर्कस्ताननं २०१५ मध्ये निवडणुकीमुळं घड्याळ मागं घ्यायची तारीख २५ ऑक्टोबरवरनं ८ नोव्हेंबरवर ढकलली, फोन मात्र जुन्या तारखेलाच मागं गेले आणि सोमवारी माणसं एकमेकांना विचारत होती नक्की वाजले किती. इजिप्तनं २०१६ मध्ये घड्याळ पुढं करायचं ठरलेलं असताना तीन दिवस आधी रद्द केलं. ब्राझीलनं २०१८ मध्ये निवडणुकीसाठीच सुरुवात ऑक्टोबरवरनं नोव्हेंबरवर नेली, तिथंही काही फोन ऑक्टोबरमध्येच पुढं पळाले. मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक भागातनं पद्धतच बंद केली, तरी २०२३ च्या एप्रिलमध्ये बऱ्याच जणांचे फोन आपोआप तासभर पुढं गेले.

पण सगळ्यात वाईट झालं ते लेबनॉनमध्ये. २०२३ साली तिथं २५ मार्चच्या मध्यरात्री घड्याळ पुढं करायचं होतं, रमजान नुकताच चालू झाला होता, आणि दोनच दिवस आधी सरकारनं जाहीर केलं की बदल २० एप्रिलच्या मध्यरात्री करू. तिथल्या ख्रिश्चनांच्या मॅरोनाइट चर्चनं हे मानलं नाही, काही टीव्ही चॅनेलनी मानलं नाही, शाळा आणि ऑफिसं पण वाटली गेली, आणि एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या. फोनना हे कळायची सोयच नव्हती, त्यांच्या यादीत जुना नियम होता, मग मोबाइल कंपन्यांनी लोकांना मेसेज केले की ऑटोमॅटिक टाइम बंद करा आणि हातानं लावा. २७ तारखेला सरकारनं निर्णय फिरवला आणि २९ च्या रात्री घड्याळ पुढं गेलं. त्या चार दिवसांत कुठल्याही फोनचा स्फटिक चुकला नव्हता, एकूण एक सेकंद बरोबर मोजला जात होता.

हातानं लावणं, इथंच मला थोडं थांबायचंय. फोन तासभर चुकीचा दिसला की माणूस पटकन ऑटोमॅटिक बंद करतो आणि घड्याळाचा आकडा तासानं सरकवतो. वरनं बघायला घड्याळ बरोबर, पण झोन चुकीचाच राहतो आणि आपण आतला सेकंदांचा हिशोबच ३,६०० नं बिघडवलेला असतो. मग लॉगिनचा कोड फोनमध्येच बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड चालत नाही, कारण तो दर ३० सेकंदांनी आतल्या घड्याळावरनंच बनतो (बँकेकडनं एसएमएसनं येणाऱ्या ओटीपीला त्रास नाही, तो तिकडं बनतो). घड्याळ काही दिवसांनी किंवा वर्षांनी चुकलेलं असेल तर वेबसाइट उघडत नाहीत, साइट खरी असल्याच्या डिजिटल सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि व्हॉट्सॲप पण तारीख चुकीची आहे म्हणून अडवतं. म्हणून फोन तासभर किंवा अर्धा तास चुकीचा दिसला तर घड्याळाला हात न लावता झोन बघायचा. पाच-सात मिनिटांचाच फरक असेल तर झोनचा संबंध नाही, तेव्हा ऑटोमॅटिक टाइम चालू आहे का बघायचं आणि फोन एकदा फ्लाइट मोडवर टाकून काढायचा. अँड्रॉइड १० पासून ही झोनची यादी गूगल प्लेच्या सिस्टिम अपडेटमधनं वेगळी येऊ शकते, त्याच्या आधीच्या बहुतेक फोनना कंपनीनं पूर्ण अपडेट दिलं तरच.

अलार्मचा प्रश्न आणखी वेगळा. रोज सकाळी सहाचा अलार्म म्हणजे दर चोवीस तासांनी असं आपण धरतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात दिवस पंचवीस तासांचा असतो. २०१० मध्ये युरोपात घड्याळ मागं गेलं तेव्हा आयफोनचं घड्याळ बरोबर दिसत होतं, पण रोजचे लावलेले अलार्म तासभर उशिरा वाजले आणि खूप लोकांना सोमवारी कामावर पोचायला उशीर झाला.

आपल्याकडं अमेरिकेच्या क्लायंटसाठी रात्री काम करणारी पोरं आहेत त्यांना एक सांगावंसं वाटतं, अमेरिका आणि युरोप एकाच दिवशी बदलत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आपल्यापासनं साडेनऊ तासांवर आलेलं असतं आणि लंडन अजून साडेपाचवरच असतं. शरद ऋतूत युरोप आधी मागं येतं, अमेरिका आठवडाभरानं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणून मीटिंग कॅलेंडरमध्ये टाकताना ज्यांच्या ऑफिसप्रमाणं ती चालते त्यांचा झोन लावून टाकायची, न्यूयॉर्क सकाळी दहा असं, म्हणजे आपल्याकडचा तास फोन स्वतः सरकवतो.

भारतानं घड्याळ कायमचं अर्धा तास पुढं करावं असा प्रस्ताव दिलीप आहुजा आणि डी. पी. सेनगुप्ता यांनी अभ्यास करून मांडलेला आहे, संध्याकाळच्या विजेच्या मागणीचा विचार करून. बेळगाव साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर आणि आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची, त्यामुळं आत्ताच सूर्य आपल्या डोक्यावर सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी येतो, तसं झालं तर तो एकच्या पुढं जाईल आणि हिवाळ्यात शाळेला पोरं अंधारातच निघतील, मला स्वतःला हे पटत नाही. पण तो निर्णय कधी झालाच तर दोन-तीन वर्षं आधी जाहीर व्हायला पाहिजे. नाहीतर टॉवर २४ म्हणणार, आजीच्या हातातल्या सहा-सात वर्षं जुन्या फोनमधली यादी भारत म्हणजे २२ च म्हणणार, आणि तो फोन कुणाचं ऐकेल ते मॉडेलप्रमाणं बदलेल.