प्रॉक्सी कॅश आणि कंपनीचा कॅश नोड: एकाच रॅकमधील दोन वेगळी यंत्रे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातील एखादा छोटा इंटरनेट पुरवठादार ‘आमच्याकडे कॅश लावलेला आहे’ असे सांगतो (कॅश म्हणजे वारंवार मागितल्या जाणाऱ्या फाइलींची जवळच ठेवलेली साठवण), तेव्हा त्याच्या मनात दोनपैकी कोणती गोष्ट आहे हे विचारून घ्यावे लागते. एक म्हणजे त्याने स्वतः विकत घेऊन उभा केलेला सर्व्हर. त्यावर स्क्विडसारखी प्रॉक्सी, म्हणजे ग्राहक आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये बसणारी प्रणाली, चालते, ग्राहकांच्या मागण्या वाटेत अडवल्या जातात आणि आलेली उत्तरे पुढच्या ग्राहकासाठी साठवून ठेवली जातात. दुसरी म्हणजे गूगल, नेटफ्लिक्स, मेटा किंवा अकामाई यांच्यासारख्या कंपनीने पाठवलेला आणि तिच्याच मालकीचा सर्व्हर, म्हणजे कॅश नोड, ज्याला पुरवठादार केवळ जागा, वीज, गारवा आणि जोडणी देतो. दोन्ही यंत्रे एकाच रॅकमध्ये असू शकतात आणि दोन्हींचा हेतू अपस्ट्रीमची (ज्या मोठ्या पुरवठादाराकडून इंटरनेट घेतले जाते त्याच्याकडच्या जोडणीची) बँडविड्थ वाचवणे हाच असतो. परंतु काय साठवायचे आणि कोणत्या ग्राहकाला तेथून द्यायचे हा निर्णय पहिल्या यंत्राच्या बाबतीत पुरवठादाराचा असतो, दुसऱ्याच्या बाबतीत कंपनीचा. बिघाड कोठे शोधायचा हे याच फरकावरून ठरते, आणि तो लक्षात न घेतल्यामुळे रात्री नऊ वाजता यूट्यूब अडखळू लागले की अनेक ठिकाणी चुकीच्या यंत्राला रीस्टार्ट मिळतो.

प्रॉक्सी कॅश ही दोन्हींतील जुनी पद्धत. हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातून स्क्विड १९९६ मध्ये वेगळे झाले, त्या काळी जवळजवळ सगळे वेब उघड्या, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या, एचटीटीपीवर चालत असे. राउटरवर पोर्ट ८० ची, म्हणजे एचटीटीपीची, वाहतूक प्रॉक्सीकडे वळवली की ग्राहकाला काहीही कळू न देता पाने आणि फाइली साठवता येत. पुढे संकेतस्थळे एचटीटीपीएस या कूटबद्ध पद्धतीवर गेली. फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांसाठी ते आपोआप लागू केले, नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये तिकडे वळत असल्याचे जाहीर केले, आणि २०१६ मध्ये यूट्यूबची ९७ टक्के वाहतूक कूटबद्ध झाल्याचे गूगलने सांगितले. कूटबद्ध वाहतुकीत प्रॉक्सीला केवळ कोणाशी बोलणे चालले आहे याचा अंदाज येतो. आतली फाइल कोणती हे कळत नाही, त्यामुळे साठवण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यात क्विक हा वेबवाहतुकीचा नवा प्रोटोकॉल टीसीपीऐवजी यूडीपीवर चालतो, म्हणून पोर्ट ८० अडवणाऱ्या नियमाच्या दृष्टीला तो पडतही नाही. प्रत्येक ग्राहकाच्या उपकरणात स्वतःचे प्रमाणपत्र बसवून वाहतूक मध्येच उलगडण्याचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या अस्तित्वात आहे. एखाद्या कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये तो चालू शकेल, पण पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या बँकिंगसह सगळ्या व्यवहारांवर पुरवठादाराने तो लावणे मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही. शिवाय ठरावीक प्रमाणपत्रच स्वीकारणारी अनेक अ‍ॅप त्यामुळे बंदच पडतात.

मग प्रॉक्सीला आज काम काय उरते? विंडोज अपडेटच्या मोठ्या फाइली, स्टीमवरील खेळांची डाउनलोड आणि लिनक्सची पॅकेजेस अजूनही बऱ्याच अंशी उघड्या एचटीटीपीवरून येतात, कारण त्यांची अस्सलता वेगळ्या डिजिटल सहीने किंवा हॅशने (फाइलीवरून काढलेल्या ठशाने) तपासली जाते. एखादे महाविद्यालयीन वसतिगृह किंवा सायबर कॅफेंची साखळी ग्राहक असेल तर एवढ्यानेही फरक पडतो. मात्र स्क्विड जसेच्या तसे बसवून चालत नाही. त्याच्या मूळ मांडणीत डिस्कवरील साठवण बंद असते, आणि ती चालू केली तरी ४ एमबीपेक्षा मोठी वस्तू साठवली जात नाही, म्हणजे ज्या फाइलींसाठी हा खटाटोप केला त्याच नेमक्या वगळल्या जातात. ही मर्यादा वाढवावी लागते. मेमरीचाही हिशेब ठेवावा लागतो. ६४ बिट यंत्रावर प्रत्येक १ जीबी डिस्क-कॅशच्या सूचीसाठी सुमारे १४ एमबी रॅम धरावी असा स्क्विडच्या जाणकारांचा ठोकताळा आहे. त्यानुसार १ टीबी डिस्क लावणाऱ्याने केवळ सूचीसाठी १४ जीबी रॅम बाजूला काढली पाहिजे, अन्यथा यंत्र स्वॅपमध्ये जाते, म्हणजे रॅमऐवजी मंद डिस्क वापरू लागते, आणि कॅशमुळे इंटरनेट मंदावल्याचा अनुभव ग्राहकाला येतो.

याहून फसवा प्रश्न तुकड्यांनी होणाऱ्या डाउनलोडचा आहे. विंडोज अपडेट फाइलीचा हवा तेवढाच भाग मागते, आणि स्क्विडला असे सुटे तुकडे साठवता येत नाहीत. तुकडा मागितला तरी पूर्ण फाइल आणावी अशी सेटिंग करता येते. ती केल्यावर साठवण सुरू होते खरी, पण पुन्हा कोणी न मागणाऱ्या फाइलीसुद्धा संपूर्ण उतरवल्या जातात, आणि अपस्ट्रीमचा आलेख खाली येण्याऐवजी वर जाऊ शकतो. म्हणून प्रॉक्सीचे यश मागण्यांच्या टक्केवारीवर मोजू नये. शंभर लहान चित्रे कॅशमधून गेली आणि एक मोठी फाइल बाहेरून आली, तर मागण्यांचा आकडा देखणा दिसतो आणि बिल तेवढेच राहते. बाहेरून किती बाइट आले आणि ग्राहकांना किती बाइट दिले, एवढी तुलना पुरेशी आहे.

प्रॉक्सीच्या बिघाडांपैकी सर्वाधिक वेळ खाणारा बिघाड डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा) असतो. पारदर्शक पद्धतीने अडवलेल्या मागणीत ग्राहक ज्या आयपी पत्त्याकडे निघाला होता तो पत्ता आणि त्याने मागितलेले संकेतस्थळाचे नाव यांचा मेळ बसतो का, हे स्क्विड स्वतः डीएनएसला विचारून पाहते. ग्राहकाच्या मोबाइलमध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि स्क्विडमध्ये पुरवठादाराचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरे देणारा सर्व्हर) असेल, तर मोठ्या संकेतस्थळांसाठी दोघांना वेगळी उत्तरे मिळतात. मग स्क्विड सावधपणे मागणी मूळ पत्त्याकडे जाऊ देते, पण आलेले उत्तर साठवत नाही. लॉगमध्ये मिसची (कॅशमध्ये न सापडलेल्या मागण्यांची) रांग दिसते, डिस्क रिकामी असते, आणि कॉन्फिगरेशन कितीही वेळा वाचले तरी त्यात चूक सापडत नाही. ग्राहकांचा मूळ पत्ता कायम ठेवणारी टीप्रॉक्सी पद्धत वापरली असेल, तर परतीची वाहतूकही त्याच यंत्रातून जायला हवी. दोन अपस्ट्रीम असलेल्या नेटवर्कमध्ये ती दुसऱ्याच वाटेने परतली की पाने अर्धवट उघडून थांबतात. यंत्र बंद पडल्यावर राउटरने वळवणे आपोआप थांबवावे अशी तपासणीही पहिल्याच दिवशी बसवलेली बरी.

कंपनीच्या नोडकडे वळल्यावर हे सगळे विसरावे लागते. येथे वाहतूक कोणी अडवत नाही. ग्राहकाचे अ‍ॅप आधी कंपनीच्या मुख्य प्रणालीशी बोलते, ती प्रणाली ग्राहकाचा पत्ता पाहून कोणत्या नोडकडे जायचे हे सांगते, आणि मग ग्राहक त्या नोडशी थेट एचटीटीपीएसवर जोडला जातो. नोड कंपनीचाच असल्यामुळे प्रमाणपत्रही तिचेच असते आणि कूटबद्धतेची अडचण उरत नाही. नोडमध्ये काय भरावे हेसुद्धा कंपनी ठरवते, आणि त्यात कंपन्यांच्या पद्धती भिन्न आहेत. नेटफ्लिक्स आपल्या ओपन कनेक्ट नोडमध्ये दुसऱ्या दिवशी काय पाहिले जाईल याचा अंदाज बांधून कमी वर्दळीच्या वेळी भरणा करते, तर गूगलचा नोड मुख्यतः ग्राहकांच्या मागणीनुसार भरत जातो. म्हणून पहाटे अपस्ट्रीमवर दिसणारा मोठा उंचवटा हा हल्ला किंवा गळती असेलच असे नाही. तो भरणा असू शकतो, आणि त्याला वेगमर्यादा घालून रोखले तर त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते.

नोड मिळण्यासाठी कंपनीने ठरवलेल्या किमान वाहतुकीची अट असते, आणि व्यवहारात स्वतःचा एएस क्रमांक (नेटवर्कची जागतिक ओळख) व स्वतःचे आयपी पत्ते लागतात. भारतात ते निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतील इरिन या नोंदणी विभागाकडून मिळतात. एएस क्रमांक नसलेल्या पुरवठादाराला अपस्ट्रीमच्या नोडवर अवलंबून राहावे लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. उभारणीचे काम तसे थोडे आहे: नोडसाठी पत्त्यांचा वेगळा गट राखणे, अनेक १० जीबीपीएस पोर्ट एलएसीपी या पद्धतीने एकत्र बांधणे, ऑप्टिकची प्रकाशपातळी तपासणे, आणि राउटरशी बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) सत्र जुळवणे. नोड कॅरिअर ग्रेड नॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या यंत्राच्या) बाहेरच्या बाजूला बसतो, हे मात्र आराखड्यातच मान्य करावे. कंपनीला ग्राहकाचा सार्वजनिक पत्ता दिसला पाहिजे, १००.६४.०.०/१० या गटातील खासगी पत्ता तिच्या उपयोगाचा नाही. परिणामी नोड शेजारच्या रॅकमध्ये असला तरी त्याची सगळी आयपीव्ही४ वाहतूक नॅटच्या यंत्रातून जाते. अपस्ट्रीमचा भार उतरल्यावर ग्राहकांचा वेग वाढतो आणि दुसऱ्याच आठवड्यात नॅटचे यंत्र गुदमरू लागते, हा क्रम नवा नाही.

नोडचे झाकण पुरवठादाराने उघडायचे नसते, तेथे लॉगिनही मिळत नाही. त्यामुळे तपास बाहेरूनच करावा लागतो, आणि दोष बहुधा बाहेरच निघतो. एक उदाहरण घेऊ. घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांसाठी पुरवठादाराने पत्त्यांचा नवा गट वापरात आणला. तो गट अपस्ट्रीमला जाहीर झाला, परंतु नोडच्या बीजीपी सत्रावरील फिल्टरमध्ये घालायचा राहिला. आता कासारवडवलीच्या ग्राहकाला नेटफ्लिक्स दूरच्या नोडवरून मिळते आणि वागळे इस्टेटच्या ग्राहकाला जवळच्या. दोघेही एकाच पुरवठादाराचे असल्यामुळे तक्रार ‘त्या बाजूची फायबर खराब आहे’ अशी नोंदली जाते, आणि स्प्लायसिंगवाला मुलगा दोन दिवस उगाच खांबावर चढतो. याच दोषाची दुसरी तऱ्हा अशी की नोडला /२२ चा (१०२४ पत्त्यांचा) एकत्र गट जाहीर होतो आणि एक्स्चेंजवरील (नेटवर्के एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणच्या) पीअरिंगला, म्हणजे थेट देवाणघेवाणीला, त्याचेच /२४ चे (२५६ पत्त्यांचे) तुकडे. नेटफ्लिक्स अधिक नेमक्या मार्गाला प्राधान्य देते, म्हणून वाहतूक एक्स्चेंजकडे जाते आणि दारातला नोड निवांत बसतो.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचे विस्मरण त्याहून जास्त आढळते. आयपीव्ही४ चे सत्र चालू असते, आलेखात थोडी वाहतूक दिसते, म्हणून सगळे ठीक वाटते. पण दोन्ही पत्ते असलेले उपकरण सहसा आयपीव्ही६ ला पसंती देते, आणि ते मार्ग नोडला कधी जाहीरच झालेले नसतील तर वाहतुकीचा मोठा भाग ट्रान्झिटवरून (अपस्ट्रीमकडून विकत घेतलेल्या जोडणीवरून) येत राहतो. नॅटचा भार कमी करण्यासाठी आयपीव्ही६ आणायचे आणि मग त्याचीच वाहतूक नोडला चुकवायची, हे दुहेरी नुकसान आहे.

डीएनएसची भूमिका येथे कंपनीगणिक बदलते. अकामाईसारखी प्रणाली प्रामुख्याने डीएनएसच्या उत्तरातून नोड निवडते, म्हणून ग्राहक कोणता रिझॉल्व्हर वापरतो याला तेथे महत्त्व आहे. गूगलचा ८.८.८.८ ग्राहकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवू शकतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ गोपनीयतेसाठी तसे करत नाही. याउलट नेटफ्लिक्सची निवड ग्राहकाच्या पत्त्यावरून होते, तेथे रिझॉल्व्हर बदलत बसणे व्यर्थ आहे. तपासासाठी साधी साधने पुरतात. फास्ट डॉट कॉम ही वेगचाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून चालते, त्यामुळे ती चालू असताना ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कोणता सर्व्हर उत्तर देतो ते पाहता येते. यूट्यूबसाठी रिडायरेक्टर डॉट गूगलव्हिडिओ डॉट कॉम या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रिपोर्ट-मॅपिंग (मध्ये हायफनऐवजी अंडरस्कोर) लिहिल्यास त्या ग्राहकाची गाठ कोणत्या नोडशी बांधली आहे ते कळते. हे ग्राहकाच्या जोडणीवरूनच पाहावे. कार्यालयातील जोडणी वेगळ्या गटात असते आणि तिचे उत्तर दिशाभूल करते.

नोड योग्य आहे आणि तरीही व्हिडिओ अडखळतो, असे झाल्यास पीपीपीओई (ग्राहकाला लॉगिन देऊन जोडण्याची पद्धत) चा १४९२ बाइटचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, आणि त्याच्याशी टीसीपीच्या एमएसएसची जुळणी पाहावी, मग स्विचवरील गळणारी पाकिटे, आणि एलएसीपीतील एखादाच पोर्ट भरून वाहत आहे का ते.

ठाणे आणि नवी मुंबईपुरता एक मुद्दा वेगळा मांडावा लागेल. प्रकाश फायबरमधून १ मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, तेव्हा वागळे इस्टेटहून महाप्यापर्यंतच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या फेरीला लागणारा वेळ नगण्य आहे. डेटा सेंटरे आणि एक्स्चेंज खाडीपलीकडेच असताना, ‘नोड ठाण्यात आणला की पिंग सुधारेल’ ही अपेक्षा निराधार आहे. जळगाव किंवा लातूरच्या पुरवठादाराची गोष्ट वेगळी. येथे नोडचा लाभ ट्रान्झिटच्या आणि ठाणे-महापे लिंकच्या खर्चात मोजावा, आणि तेवढी वाहतूक नसेल तर एक्स्चेंजवर पीअरिंग घेणे किंवा अपस्ट्रीमकडून कॅशची वाहतूक वेगळ्या दराने घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मेट्रोच्या खोदकामात फायबर तुटल्यावर नोडमुळे सेवा टिकेल, ही दुसरी अपेक्षाही तपासून घ्यावी. नेटफ्लिक्सचे लॉगिन, शोध आणि ‘कोणत्या नोडकडे जा’ हा आदेश अमेझॉनच्या क्लाउडमधील प्रणालीकडून येतो. अपस्ट्रीम तुटले की आधीपासून चालू असलेला भाग थोडा वेळ पुढे सरकेल, नवा भाग सुरू होणार नाही. प्रॉक्सीच्या बाबतीतही ताजेपणाची खातरजमा बाहेर विचारूनच होते, त्यामुळे तेथेही फार वेगळे चित्र नाही. रॅकमध्ये यापैकी कोणतेही यंत्र असले, तरी दुसऱ्या रस्त्याने आलेली दुसरी अपस्ट्रीम लिंक घ्यावीच लागते.