घरातला पहिला घोट

किशोरवयीन मुलामुलींना आईवडिलांनी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या देखरेखीखाली दारूची चव देण्याची प्रथा. बाहेर मित्रांबरोबर चोरून पिण्यापेक्षा घरात, डोळ्यांदेखत थोडी घेतलेली बरी, ही त्यामागची समजूत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी मध्यमवर्गात ती अलीकडच्या पिढीत रुजू लागली आहे. तिच्या मुळाशी काळजीच असते; पण तिने मूल सुरक्षित होते असे संशोधनात दिसलेले नाही.

गिरगाव, लालबाग, दादरमधून ठाण्यात आलेल्या बऱ्याच कुटुंबांत दारू पूर्वी उंबऱ्याबाहेर असे. पिणारा माणूस मित्राकडे 'बसायचा', बडीशेप चघळत घरी यायचा आणि मुलांसमोर विषयही निघत नसे. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर-नेरुळच्या सोसायट्यांमध्ये हे चित्र बदलले. बिअर फ्रिजमध्ये आली, बैठका हॉलमध्ये होऊ लागल्या, काही घरांत आई-मावशीही वाइनचा ग्लास घेऊ लागल्या. मुले हे पाहत वाढतात. पहिला घोट मिळतो तो बहुधा गटारीला, थर्टी फर्स्टला किंवा एखाद्या शनिवारी. चकण्याच्या बशा भरून देणारा, बर्फाचा ट्रे नळाखाली धरून खडे सुटे करणारा मुलगा दहावी झालेला असतो. कोणीतरी काका म्हणतात, "मोठा झालास आता, घे की एक सिप." बाबा हसून ग्लास पुढे करतात आणि हळूच सांगतात, "आईला बोलू नकोस." या शेवटच्या वाक्याने नुकसान होते. घरातला मोकळेपणा वाढावा म्हणून दिलेला घोट लपवाछपवीचा पहिला धडा ठरतो, आणि पुढे काही बिनसले तर आईला सांगायची वाटही तिथेच बंद होते.

दुसरा ठरलेला प्रसंग बारावीनंतरचा. मुलगी पुण्याला किंवा बंगळुरूला होस्टेलवर निघालेली असते. ग्लासात कोणी काही मिसळेल, कोणी जास्त पाजेल, या धास्तीने आईवडील ठरवतात की तिची कुवत तिला घरीच कळू द्यावी. ही धास्ती खोटी नाही. मात्र कुवत ही मोजून ठेवण्याजोगी गोष्ट नव्हे. तीच मात्रा रिकाम्या पोटी, जागरणानंतर किंवा भरभर घेतली तर वेगळी चढते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असेही दिसले आहे की दारूने येणारी झोप आणि तोल जाणे या खुणा पौगंडावस्थेत कमी जाणवतात, तर स्मरणशक्तीवरचा परिणाम जास्त होतो. म्हणजे 'आता पुरे' असे शरीर ज्या खुणांनी सांगते, त्याच या वयात उशिरा उमटतात. मेंदूचा नियोजन आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो.

बिअर म्हणजे काही दारू नव्हे, हा गैरसमज घराघरांत पक्का आहे. 30 मिलिलिटर व्हिस्कीत, म्हणजे एका स्मॉल पेगमध्ये, सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असते. सरबतासारख्या लागणाऱ्या ब्रीझरच्या 275 मिलिलिटरच्या बाटलीतही जवळपास तेवढेच. साडेसात टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली घेतली तर आकडा 38 ग्रॅमवर जातो, म्हणजे जवळजवळ चार स्मॉल. सोळा वर्षांच्या मुलाला 'फक्त एक बिअर' देणाऱ्या वडिलांनी बाटलीवरचा टक्का वाचलेला नसतो.

या प्रथेला जुनी भावंडेही आहेत. सर्दी झालेल्या बाळाला चमचाभर ब्रँडी देण्याचा आजीचा उपाय अनेक घरांत चालत आला; तो टाळायलाच हवा, कारण तान्ह्या मुलाची रक्तशर्करा त्याने धोकादायकपणे उतरू शकते. शहापूर, मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांवर ताडी आणि मोहाची दारू लग्नाच्या, देवाच्या विधींचा भाग आहे. तिथे ती सगळ्या पाड्यासमक्ष आणि प्रसंगापुरती येते, त्यामुळे फ्लॅटमधल्या प्रकाराशी तिची तुलना जुळत नाही. आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री पोरांच्या हाती बाटली जाते ही तक्रार समाजातूनच पुढे आली. हळदीत दारू नको, असे ठराव काही गावांनी केले आहेत. ही सुधारणा बाहेरून कोणी लादलेली नाही, म्हणून तिचे मोल मोठे.

घरी चव देण्याच्या बाजूने नेहमी फ्रान्सचा दाखला दिला जातो : तिथे जेवणाबरोबर मुलांनाही वाइन मिळते, म्हणून तिथले लोक संयमाने पितात. प्रत्यक्षात फ्रान्सने 1956 मध्येच शाळेच्या भोजनगृहात 14 वर्षांखालच्या मुलांना वाइन देणे थांबवले, आणि 2015 च्या अंदाजानुसार त्या देशात दारूमुळे वर्षाला सुमारे 41 हजार मृत्यू होतात. ऑस्ट्रेलियात 1,927 मुलांचा साधारण तेराव्या वर्षापासून सहा वर्षे मागोवा घेण्यात आला. निष्कर्ष 2018 मध्ये 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आले. पालकांनी दारू दिलेल्या मुलांना पुढच्या वर्षी बाहेरूनही ती मिळण्याची शक्यता अधिक होती, आणि एका बैठकीत अति पिण्याचे प्रमाणही न दिलेल्यांपेक्षा जास्त होते. घरच्या घोटाने संरक्षण मिळाल्याची खूण सापडली नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही हे खरे, पण 'घरी दिली म्हणून बाहेर पिणार नाही' हा भरवसा तिने काढून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही.

कायदा याहून सरळ आहे. महाराष्ट्रात बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी 21 आणि व्हिस्की, रम वगैरेंसाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा आहे, आणि पिण्यासाठी परवानाही लागतो. शिवाय बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार डॉक्टरच्या आदेशाशिवाय 18 वर्षांखालच्या कुणालाही दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आईवडिलांना त्यात सूट नाही. क्लबहाऊसच्या पार्टीत दुसऱ्यांच्या मुलांना 'आपलीच पोरं' म्हणून ग्लास देणाऱ्यालाही तेच लागू होते.

मग पालकांनी करायचे काय? नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात (2009) पालकांना स्पष्ट नियम ठेवायला सांगणे आणि मुलांना वर्गात शिकवणे, हे दोन्ही एकत्र केल्यावर नियमित पिण्याची सुरुवात लांबली. एकट्या एका उपायाने तसा परिणाम दिसला नाही. नियम आणि संवाद दोन्ही लागतात. नियम एका वाक्याचा असावा आणि आईबाबांचा मिळून एकच असावा. संवादाची खरी कसोटी रात्री लागते : येऊरच्या बंगल्यावर किंवा पाम बीच रोडवर मित्राच्या स्कूटरमागे बसण्याची वेळ आली, तर "बाबा, न्यायला या" असा फोन करायची मुलीला भीती वाटता कामा नये. बाबांनी जाऊन तिला आणावे, रस्त्यात काही बोलू नये, बोलणे दुसऱ्या दिवशी करावे. मूल प्यायलेले असेल, उलट्या होत असतील आणि हाक मारूनही जागे होत नसेल तर 'झोपू दे, उतरेल' म्हणणे घातक. त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकटे सोडू नये.

सवय लागल्याची शंका असेल तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विनाशुल्क सल्ला मिळतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था पालक आणि किशोरांचे समुपदेशन करते. वडीलच व्यसनात अडकलेले असतील तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा त्यांच्यासाठी असतात आणि अल-अ‍ॅनॉनच्या सभा घरच्यांसाठी. पिणारा माणूस स्वतः यायला तयार नसला तरी बायकोमुलांना तिथे जाता येते.