खाजन शेती (गोवा)

भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि त्यामागच्या सखल जमिनीत भात, मासळी व मीठ घ्यायचे, ही गोव्याच्या खाडीकाठची जुनी पद्धत. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या फाट्यांलगत असे सुमारे 18,000 हेक्टर क्षेत्र आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत ते विशेष आढळते. चोडण आणि दिवाडी या बेटांवर बांधावर उभे राहिले की एका बाजूला खाडी व दुसऱ्या बाजूला तिच्या भरतीच्या पातळीखालची शेते एकाच नजरेत दिसतात.

बांध चिकणमातीचा असतो. लाटांचा मार जास्त तिथे बाहेरून चिऱ्यांची भिंत घालतात. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार, बसवलेले असते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडते व पावसाचे साचलेले पाणी वाहून जाते. झडपेच्या फटी चिखल-पेंढ्याने बुजवाव्या लागतात. मानशीच्या आतला खोल भाग म्हणजे पोंय. ओहोटीला दारावर जाळे लावून तिथली कोळंबी आणि मासळी धरतात.

उन्हाळ्यात जमीन नांगरून तापत ठेवतात. जूनचे पहिले जोरदार पाऊस मातीतले मीठ धुऊन नेतात, मगच मोड आलेले बी पडते. बियाणे साधे चालत नाही. खारेपणा सोसणारे कोरगुट हे इथले जुने वाण. पीक निघाल्यावर काही शेतांत खारे पाणी घेऊन मासळी वाढवतात.

ही व्यवस्था गावकारीने, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या (गावकरांच्या) सामाईक जमीनसंस्थेने, पोर्तुगीज कायद्यातल्या कोमुनिदादने, चालवली. शेते आणि मानशींची मासेमारी लिलावाने दिली जाई, त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई आणि उरलेला नफा गावकरांत वाटला जाई. व्यवस्था समतेची नव्हती. गावकर नसलेला कसणारा शेतकरी वर्षानुवर्षे बोली लावूनच जमीन करी. पण बांध कोणाचा, हा प्रश्न तिथे पडत नसे.

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या सरकारच्या काळात 1964 साली कूळ कायदा आला. 1976च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला मालकीचा मार्ग दिला. कसणाऱ्याला न्याय मिळाला, यात शंका नाही. अडचण अशी की जमिनीचे तुकडे पाडता येतात, बांधाचे पाडता येत नाहीत. दुरुस्तीची जबाबदारी कूळ संघांकडे गेली आणि मामलेदाराकडे त्यांच्यावर देखरेख आली. मानशीच्या लिलावाचा पैसा संघाने बांधावर खर्च करावा, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात बिघाड इथूनच सुरू होतो. लिलाव घेणाऱ्याचा फायदा कोळंबीत असतो, म्हणून तो भरतीच्या वेळी झडप उघडी ठेवून पाणी आत घेतो. मीठ चढते, भात करपते, शेतकरी पेरणी सोडतो. पेरणी थांबली की बांधावरून रोज फिरणारे पाऊल थांबते. खेकड्याची बिळे वेळीच बुजवली नाहीत तर ती रुंदावत जातात आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खिंड पडते. मग एकाच्या आळसाची किंमत साऱ्या खाजनाला मोजावी लागते. पाणी राहिले की तिवरे उगवतात. बांधाबाहेर ती लाटा थोपवतात, पण आत रुजली की शेत परत मिळवणे अवघड. ती तोडायला कायदा आडवा येतो. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनीही मांडवी-जुवारीकाठचे बांध झिजले.

2011च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख आहे: त्यांचे नकाशे करावेत, तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये. भराव रोखण्यासाठी ही तरतूद मोलाची. पण पेरणीविना पडलेल्या शेतात पाणी आधीच शिरलेले असते. सरकारी खर्चाने बांधलेली दगडी भिंतही झडपेवर रोज लक्ष ठेवणारा माणूस नसेल तर टिकत नाही. मजुरी महाग, रेशनचा तांदूळ स्वस्त आणि घरातला तरुण पर्यटनात किंवा परदेशी, अशा घरात तो माणूस सहसा उरत नाही.