समुद्रातल्या बोयाचा पत्ता

मृगाच्या तोंडावर परभणीकडे समुद्राचा विषय कुणी काढत नाही. वखरणी झालेली असते, सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलेलं असतं आणि नजर आभाळाकडे असते. पण आपला पाऊस कसा होणार, यात हिंदी महासागराच्या पोटात साठलेल्या उष्णतेचा मोठा वाटा असतो. ती मोजायला जगभरच्या समुद्रांत सुमारे ४००० ‘आर्गो’ यंत्रं सोडलेली आहेत. उभ्या नळकांड्यासारखी दिसणारी ही यंत्रं १००० मीटर खोलीवर वाहत राहतात आणि दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरून तापमान व खारेपणा मोजत वर येतात. पोटातलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की वजन तेवढंच राहतं, आकार वाढतो आणि यंत्र तरंगू लागतं.

वर यावंच लागतं, कारण खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी फार दूर जात नाहीत. शिवाय नुसतं तापमान कळून भागत नाही, ते कुठल्या जागेचं हेही कळायला हवं.

१९७८ मध्ये जीपीएस हाताशी नव्हतं, तेव्हा ‘आर्गोस’ या फ्रेंच-अमेरिकी उपग्रहव्यवस्थेनं यावर काढलेला तोडगा मला आजही फार देखणा वाटतो. पूर्णा स्टेशनावर न थांबणारी गाडी भोंगा वाजवत गेली तर जवळ येताना तो चढा वाटतो, पुढे गेल्यावर उतरतो. फलाटावर उभे असाल तर हा उतार एकदम जाणवतो, लांबच्या शेतात असाल तर हळूहळू. इथे मात्र भोंगा वाजवतो, म्हणजे रेडिओलहरी सोडतो, तो बोया (पाण्यावर तरंगणारं यंत्र), तोही एकाच ठरलेल्या कंप्रतेवर, आणि धावतो उपग्रह, सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगानं. मूळ कंप्रता ऐकू आली त्या क्षणी दोघं सर्वांत जवळ. उतार किती झपाट्यानं झाला, त्यावरून अंतर. बोया उपग्रहाच्या वाटेच्या डावीकडे की उजवीकडे, ही शंका उरते. ती सोडवायला त्याचा आधीचा ठिकाणा कामी येतो.

अडचण एवढीच, की उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत यंत्राला कित्येक तास लाटांवर थांबावं लागे. आता बहुतेक यंत्रं जागा जीपीएसवरून घेतात आणि ६६ उपग्रहांच्या ‘इरिडियम’ जाळ्यातून माहिती धाडतात. तासाभराच्या आत काम उरकतं. जमिनीवरून उलट निरोपही जातो: या वेळी उथळच राहा, किंवा लवकर वर ये.

भारतानं सोडलेल्या यंत्रांची माहिती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत जमा होते. मराठवाड्याच्या जुन्या पिढीची कामं ज्या शहरात असत, तिथंच आता आपल्या पावसामागच्या समुद्राची नोंद होते. यंत्राची बॅटरी साधारण चार-पाच वर्षं पुरते. ती संपली की त्या जागी नवं यंत्र सोडावं लागतं.