चवदार तळ्याचा हक्क आणि रोजगार हमीचा हक्क

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्या दिवशी त्यांनी नगरपालिकेकडे नवं काहीच मागितलं नव्हतं. तळं खणून द्या, विहीर बांधून द्या, यातलं काही नाही. तळं होतं, तळ्यात पाणी होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं सर्वांसाठी खुलं केलं होतं, कागदावर. मागणी एवढीच होती की आम्हाला अडवू नका.

आता १९७२ चा दुष्काळ आठवा. भर उन्हात खडी फोडायला बसलेल्या बाईला कामावर जाण्यापासून कुणी अडवलं नव्हतं. रानात पीक नव्हतं, म्हणून कामच नव्हतं. तिच्यासाठी कुणीतरी काम काढायला हवं होतं, हजेरीपट मांडायला हवा होता, मोजमाप घेऊन मजुरी हातावर ठेवायला हवी होती. तिला नुसतं ‘आम्ही अडवत नाही’ असं सांगून तिची चूल पेटणार नव्हती.

या दोन्ही मागण्यांना मराठीत आपण ‘हक्क’ हा एकच शब्द वापरतो. राज्यविचारात मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला हक्क व्यक्तीचा, ती माणूस आहे आणि नागरिक आहे एवढ्यावर तिच्याकडे असलेला. बोलण्याचा, देवळात जाण्याचा किंवा न जाण्याचा, सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्याचा. इथे बाकी सगळ्यांवर एकच बंधन, मध्ये येऊ नका. दुसऱ्याला कार्यकर्ते ‘हक्कदारी’ म्हणतात, तोच शब्द मी घेतो. हक्कदारीत एका ठरावीक देणेकऱ्यावर ठरावीक गोष्ट ठरावीक मुदतीत पुरवण्याची जबाबदारी असते. धान्य किती किलो, काम किती दिवसांत, हे आकड्यात लिहिलेलं असतं. आकडा नसेल तर ती हक्कदारी फार पातळ आहे असं समजावं.

‘पहिल्या प्रकारचे हक्क फुकट असतात, दुसऱ्याला पैसा लागतो’ असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण महाडच आहे. पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांना गावात गाठून मारहाण झाली. पुढे तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. न अडवण्याचा हक्कसुद्धा पोलीस, न्यायाधीश आणि त्यांचे पगार यांच्याशिवाय उभा राहत नाही. म्हणून फरक खर्चात शोधू नये. हक्क पाळला गेला म्हणजे नेमकं काय घडलं, यात शोधावा. महाडला तो पाळला गेला असता तर लोक पाणी पिऊन शांतपणे घरी गेले असते, बस्स. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट यांचा उल्लेख आहे. तो वाचताना मला दर वेळी महाडच दिसतं.

हक्कदारी समजून घ्यायला महाराष्ट्राला दूर जावं लागत नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि मुदतीत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. हा भत्ता अगदीच किरकोळ होता, तरी सगळा कायदा त्याच्यावर उभा आहे असं मी म्हणेन. ‘दिलं नाही तर काय?’ या प्रश्नाला तिथे उत्तर होतं.

आणि पैसा? तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये बसवला गेला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुराचं काम उचलून धरायचं, असा तो सरळ व्यवहार होता. हक्कदारीत देणेकरी शेवटी आपणच असतो. व्यक्तीच्या हक्कात आपण फक्त बाजूला होतो, इथे मात्र खिशात हात घालतो, म्हणूनच हक्कदारीवर वाद जास्त होतात. ते व्हायलाच हवेत. कुणाला, किती, कुणाच्या पैशातून, हे विचारणं म्हणजे गरिबाचा द्वेष करणं नव्हे.

यात एक तिसरी गोष्ट मिसळते आणि सगळा घोळ तिथे होतो. ती म्हणजे योजना. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो, धान्य मिळालं नाही तर भत्ता, हे संसदेने लिहून दिलं आहे. महिन्याला १५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये शासन निर्णयाने आली. मदत दोन्हीकडे गरजेची, घरात उपयोगीच पडणारी. पण शासन निर्णयाने आलेली गोष्ट शासन निर्णयाने बदलते. कायद्याने आलेली बदलायला सभागृहात जावं लागतं. तरीही रेशन दुकानासमोरच्या माणसाला आणि योजनेतल्या बहिणीला सरकारी कागद एकाच नावाने ओळखतो, ‘लाभार्थी’. माझा या शब्दावर राग आहे. ३५ किलो धान्य ज्याला कायद्याने देणं आहे, तो लाभ घेत नाही, आपलं येणं घेतो. त्याला हक्कदार म्हणा.

दोन्हींमधली भिंत पक्की आहे असंही नाही. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून निघाला आणि कलम ३००-अ मध्ये साध्या घटनात्मक हक्काच्या पायरीवर आला. शिक्षणाचा प्रवास उलट, वर चढणारा. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते करून दाखवलं. संविधानाने मात्र शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं, दहा वर्षांत द्यावं असं सांगून. या तत्त्वांसाठी कोर्टाचं दार ठोठावता येत नाही, हे कलम ३७ मध्येच लिहिलेलं आहे. २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, २००९ चा कायदा आणि १ एप्रिल २०१० पासून अंमल. आता सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचं शिक्षण एकाच वेळी मूलभूत हक्कही आहे आणि शाळा, शिक्षक, वर्गखोली मागणारी हक्कदारीही.

दाद मागायची वाट मात्र दोन्हींची वेगळी राहते. मूलभूत हक्क मोडला तर कलम ३२ ने थेट सर्वोच्च न्यायालय गाठता येतं. बाबासाहेबांनी या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. हक्कदारी बुडाली तर आधी कागद लागतो. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर भत्ता, अशी तरतूद होती. म्हणून मजुरांबरोबर ग्रामपंचायतीत जाणारे कार्यकर्ते अर्ज देण्याआधीच बजावत, पोच घ्या आणि तिच्यावर तारीख टाकून घ्या. ते पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जात.